आधी शुंडकं मोजा

मरीन माल ठेवणाऱ्या दुकानात जाऊन ‘सॉफ्ट कोरल दाखवा’ म्हटलं, की दुकानदार एका टाकीकडे बोट दाखवतो. तिच्यात लेदर असतो, झेनिया असतो, हिरवा स्टार पॉलिप असतो आणि त्यांच्याच शेजारी मशरूम आणि झोआही असतात. दुकानाच्या हिशेबात हे सगळे एकाच खात्यात जमा: ज्याला दगडी सांगाडा नाही, जो बोट लावल्यावर दबतो, तो सॉफ्ट. ‘नवीन आहात ना, मग हेच घ्या, लवकर मरत नाहीत’ हा सल्लाही सगळ्यांना सारखाच लागू. विकण्या-घेण्यापुरती ही वाटणी चालून जाते. पण ओळख पटवायला बसलात, तर ती पहिल्याच पायरीवर दगा देते. मशरूम आणि झोआ यांचं मऊ प्रवाळांशी असलेलं नातं फार लांबचं आहे; ते दगडी प्रवाळांच्या आणि समुद्रफुलांच्या घराण्यातले.

खरी कसोटी सोपी आहे. पॉलिप पूर्ण उघडलेला असताना त्याच्या तोंडाभोवतीची शुंडकं मोजायची. ती आठ असतील आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना पिसासारखे बारीक फाटे असतील, तर तो अष्टप्रवाळ, म्हणजे आपल्या अर्थाने मऊ प्रवाळ. शुंडकं साधी, फाटे नसलेली आणि पुष्कळ असतील, तर घराणं दुसरं. हिरव्या स्टार पॉलिपसारख्या काहींमध्ये हे फाटे इतके तोकडे असतात की दिसतही नाहीत, पण आठाचा आकडा तिथेही चुकत नाही. अडचण एवढीच, की पॉलिप पाचसहा मिलिमीटरचा, पाण्यात डुलणारा, आणि तुम्ही काचेच्या बाहेर. नुसत्या डोळ्यांनी मोजायला गेलात तर पाचव्या शुंडकापाशी गोंधळ होतो. फोटो काढून मोठा केला, की मोजणी दोन सेकंदांची. म्हणून या पुस्तकात ओळख आणि छायाचित्रण यांची वेगळी प्रकरणं केलेली नाहीत. घरच्या टाकीत कॅमेरा हेच आपलं भिंग.

आठाचा हा आकडा जुना आहे. १७०६ च्या सुमाराला मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने मार्सेय शहराजवळच्या समुद्रातून काढलेलं ताजं तांबडं पोवळं समुद्राच्याच पाण्यात, काचेच्या भांड्यात ठेवलं. मंगळासाठी अंगठीत बसवतात तेच हे पोवळं. थोड्या वेळाने त्याच्या फांद्यांवर पांढरी फुलं उमलली, प्रत्येकाला आठ पाकळ्या. पोवळं ही वनस्पती आहे याचा पुरावा मिळाला म्हणून मार्सिली खूश झाला. पुढे १७२० च्या दशकात मार्सेयच्याच पेसोनेल या वैद्याने तोच प्रयोग जास्त चिकाटीने केला. त्याने फुलांना डिवचलं, पाणी तापवून पाहिलं, पोवळं सडल्यावर येणारा वास घेतला आणि ठरवलं, की ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूर या शास्त्रज्ञाने त्याचं म्हणणं मांडलं ते त्याचं नाव न घेता, आणि वर ते नाकारलंही. मानायला आणखी पंधराएक वर्षं जावी लागली. दोघांनी तशाच भांड्यात तेच पाहिलं होतं. फरक इतकाच, की पेसोनेलने पॉलिप डिवचून ते मिटतात कसे हेही पाहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे आपल्यालाही मिटलेल्या प्रवाळाचा फोटो उघडलेल्या प्रवाळाइतकाच लागणार आहे.

आधी दुसऱ्या घराण्यातल्या पाहुण्यांना बाजूला काढू. मशरूम म्हणजे एक सपाट चकती, मध्ये तोंड, आणि शुंडकं असलीच तर चकतीवर पसरलेल्या पुटकुळ्यांच्या रूपात. झोआची चकती छोटी असते आणि तिच्या कडेला साध्या शुंडकांच्या दोन ओळी असतात. झोआंचे नातेवाईक पाहायला टाकीपर्यंतही जावं लागत नाही. मुंबई आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठी ओहोटी लागली की खडकांवर त्यांचे जाड, बुळबुळीत थर उघडे पडतात. लोक त्यांच्यावरून चालत जातात. हात मात्र जपून लावावा. झोआंच्या या कुळात, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआपासून ते वेगळं केलं गेलं. आजवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांपैकी ते एक आहे. टाकीतला झोआंचा दगड साफ करायचा म्हणून तो उकळत्या पाण्यात टाकू नये, त्याच्यावर गरम पाण्याची धार धरून ब्रशने घासू नये. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात गेल्याने घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आहेत. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. फोटोसाठी दगड हलवायचा असेल तरीही हातमोजे घालावेत. ‘मऊ’ या एका शब्दाखाली हे सगळे एकत्र ठेवण्यात माझ्या मते खरा धोका हा आहे. लेदर हाताळण्याची सवय माणूस झोआलाही लावतो.

आता लेदर. घरच्या टाक्यांत सर्वाधिक दिसणारे आणि सर्वाधिक चुकीच्या नावाने विकले जाणारे प्रवाळ ते हेच. चामड्यासारखा स्पर्श असणारे तीन वंश या नावाखाली येतात: सार्कोफायटन, लोबोफायटम आणि सिन्युलारिया. पुस्तकी वर्णन वाचलं तर तिन्ही स्पष्ट वेगळे वाटतात. सार्कोफायटनला उघडा देठ आणि वर रुंद टोपी. टोपीची कड वय वाढेल तशी घड्या घालत जाते. लोबोफायटम बुटका, पसरट, देठ जेमतेम, वरच्या पृष्ठावर बोटांसारखे किंवा कंगोऱ्यासारखे उंचवटे. सिन्युलारिया बहुधा फांद्यांचा, पण त्यातले काही दगडाला चिकटून नुसते पसरतातही. प्रत्यक्ष टाकीत हा आकार फसवतो. कापून लावलेला लहान तुकडा महिनोन्‌महिने मूळ आकार धरत नाही. उजेड कमी पडला की देठ लांबतो. पाण्याचा झोत एकाच बाजूने येत असेल तर टोपी वाकडी वाढते. अशा वेळी आकार सोडून द्यावा आणि पॉलिपांच्या मधली जागा पाहावी.

सार्कोफायटन आणि लोबोफायटममध्ये दोन प्रकारचे पॉलिप असतात. एक आपल्या ओळखीचे, आठ शुंडकांचे, लांब, डुलणारे. दुसरे त्यांच्या पायथ्याशी, पृष्ठाच्या पातळीला असलेले, शुंडकं नसलेले. त्यांचं काम वसाहतीच्या आतल्या नळ्यांत पाणी खेळवत ठेवण्याचं. वरून पाहिलं तर मोठ्या पॉलिपांच्या मधे खसखशीएवढे ठिपके विखुरलेले दिसतात, ते हेच. सिन्युलारियात हा दुसरा प्रकार नसतोच; दोन पॉलिपांमधली कातडी कोरी असते. ओळखीची ही खूण इतकी चांगली आहे, की लेदरचा एकच फोटो काढायचा झाला तर मी तो इथला काढेन.

पण तो काढायचा केव्हा? पॉलिप पूर्ण उघडलेले असताना नाही. तेव्हा वरचं दाट रान खालचं सगळं झाकून टाकतं. सकाळी दिवे लागल्यानंतर, पॉलिप अर्धेमुर्धे बाहेर येत असतात, ती वेळ उत्तम. किंवा टोपीवरून लांब पिपेटने पाण्याची हलकी फुंकर मारावी. मोठे पॉलिप आत ओढले जातात, त्यांच्या जागी खळगे उरतात, आणि खळग्यांच्या मधले ठिपके स्वच्छ दिसतात. पॉलिप परत बाहेर यायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात हवे तितके फोटो होतात. रोज मात्र हा खेळ करू नये.

सार्कोफायटन आणि लोबोफायटम यांना एकमेकांपासून वेगळं करणं याहून अवघड आहे. पॉलिप लांब, टोपी गुळगुळीत, देठ ठळक असेल तर सार्कोफायटन. पॉलिप आखूड आणि पृष्ठ उंचसखल असेल तर लोबोफायटम, असा कल धरता येतो. पण जनुकीय तपासणीत या दोन वंशांच्या सीमेवर दोन्हींच्या मिसळलेल्या जाती सापडल्या आहेत. निसर्गालाच जिथे खात्री नाही, तिथे आपण फोटोखाली ‘सार्कोफायटन किंवा लोबोफायटम’ लिहिलं तर कमीपणा नाही.

सार्कोफायटनची आणखी एक सवय नव्या माणसाला घाबरवते. अधूनमधून तो पॉलिप मिटून घेतो, काही दिवस तसाच राहतो, अंगावर मेणासारखी चकाकी येते आणि मग एक पातळ पापुद्रा सुटून वाहून जातो. त्यावर बसलेलं शेवाळ आणि कचरा त्याच्याबरोबर जातो. या दिवसांत लोक त्याला मेलेला समजून फेकूनही देतात. फोटोच्या दृष्टीने हे दिवस चांगले आहेत. पृष्ठाची सगळी रचना उघडी असते आणि प्रवाळ हलत नाही.

लेदरच्या जवळपास दिसणारे पण स्पर्शाला बुळबुळीत, मऊसर असे क्लॅडिएला आणि क्लिक्सम दुकानात ‘कोल्ट’ या एकाच नावाने येतात. क्लॅडिएलाचं अंग फिकट, जवळजवळ पांढरं असतं आणि पॉलिप तपकिरी. उघडलेला असताना तो तपकिरी झुडूप वाटतो. हलकेच डिवचलं की पॉलिप आत जातात आणि पाहतापाहता सगळी वसाहत पांढरी पडते. या दोन अवस्थांचे दोन फोटो शेजारी ठेवले की ओळख जवळपास पक्की.

मिटणं ही स्वतःच एक कसोटी आहे. सिन्युलारियाचे पॉलिप फांदीच्या आत पूर्ण गडप होतात. केनिया ट्री म्हणून मिळणाऱ्या कॅपनेलाचे तसे होत नाहीत. ते आक्रसतात, शुंडकं आत दुमडतात, पण फांदीवर गाठीसारखे बाहेरच राहतात. फोटोत दोन्ही झाडासारखे दिसत असले, तरी मिटल्यावर एकाची फांदी गुळगुळीत होते आणि दुसऱ्याची खरखरीत राहते. कॅपनेलाची दुसरी खूण तुमच्या टाकीतच मिळेल: तो फांद्यांची टोकं गाळतो, ती जाऊन कुठल्यातरी दगडावर रुजतात, आणि वर्षभरात नको तिथे नको तितकी पिल्लं होतात.

झेनियाचे पॉलिपही असेच, आत न जाणारे. देठ आखूड, त्याच्या माथ्यावर लांब पॉलिपांचा घुमट, आणि मुठी उघडझाप केल्यासारखी त्यांची स्पंदनं. जमिनीलगतच्या पातळ थरातून पॉलिप एकेकटे वर येत असतील, देठ नसेल, तर तो झेनिया नव्हे. अँथेलिया असण्याची शक्यता जास्त. क्लॅव्हुलारियाचे पॉलिपही असेच थरातून किंवा धावत्या मुळांसारख्या पट्ट्यांतून येतात, पण मिटताना ते पायथ्याच्या छोट्या नळीत शिरतात. हिरव्या स्टार पॉलिपची ओळख त्याच्या जांभळ्या थरावरून होते. पॉलिप मिटले की हिरवं नाहीसं होतं आणि जांभळी गादी तेवढी उरते.

इथे एक वळण घ्यायला हवं. स्टार पॉलिप किंवा क्लॅव्हुलारिया म्हणून दिसणाऱ्या पॉलिपांच्या खाली रक्तासारख्या लाल, कडक नळ्या शेजारी शेजारी उभ्या असतील, तर ते ऑर्गन पाइप प्रवाळ, ट्युबिपोरा म्युझिका. पॉलिप आठ शुंडकांचे, म्हणजे घराणं मऊ प्रवाळांचं, आणि सांगाडा मात्र दगडी. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. तिथेच सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे म्हणून ओळखले जाणारे गॉर्गोनियनही आहेत. समुद्रपंखे तर उघडउघड अष्टप्रवाळच. तेव्हा ‘सॉफ्ट आहे, चालतं’ हे दुकानातलं उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. परदेशांतून येणाऱ्या मालाबाबतही ट्युबिपोरा आणि निळं प्रवाळ साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. लेदर, झेनिया वगैरे त्यात नाहीत. घेण्यापूर्वी पायथ्याचा फोटो मागवावा. विकणारा नेहमी वरचा, फुललेला भाग पाठवतो. आणि मालवणला समुद्रात उतरलात तर फक्त फोटो काढून या. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

आता उजेड. घरच्या रीफ टाकीचे एलईडी बहुतेक वेळ निळे ठेवलेले असतात, कारण निळ्यात प्रवाळ चमकतात. त्या उजेडात फोन समोर धरला की सगळा फोटो निळाजांभळा, पॉलिपांच्या जागी हिरवे किंवा नारिंगी डाग, बाकी तपशील गायब. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. त्याच्या संवेदकावर लाल, हिरवा, निळा अशा तीन वाटण्या असतात. निळी काठोकाठ भरून सांडते आणि लाल जवळजवळ रिकामी राहते. व्हाइट बॅलन्सची पट्टी सूर्यप्रकाशाच्या आसपासच्या उजेडासाठी केलेली आहे. अनेक फोनांत ती दहा हजार केल्विनपाशी संपते, आणि टाकीचा उजेड त्याच्या कितीतरी पलीकडे असतो. जे नोंदलंच गेलं नाही, ते नंतर एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही.

प्रवाळाची ती चमक आहे तरी काय? त्याच्या पेशींतली काही प्रथिनं निळा उजेड शोषतात आणि हिरवा, पिवळा किंवा लाल परत सोडतात. असं हिरवं प्रथिन शिमोमुरा या शास्त्रज्ञांनी १९६२ साली जेलीफिशमधून वेगळं काढलं होतं, आणि पुढे २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच कामासाठी त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं. जेलीफिश स्वतः प्रकाश निर्माण करते, म्हणून अशी प्रथिनं स्वयंप्रकाशी प्राण्यांतच असणार, अशी बराच काळ समजूत होती. १९९९ मध्ये मॉस्कोतल्या संशोधकांनी स्वयंप्रकाशी नसलेल्या प्रवाळवर्गीय प्राण्यांतून तशी सहा प्रथिनं मिळवली. ती कुणातून मिळाली ही यादी एखाद्या घरगुती टाकीची वाटते: मशरूमच्या कुळातला डिस्कोसोमा, झोआ, टाकीत कीड म्हणून येणारं अ‍ॅनेमोनिया माजानो नावाचं समुद्रफूल, आणि आपल्या विषयातला मऊ प्रवाळ, क्लॅव्हुलारिया. डिस्कोसोमातलं लाल प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवायला वापरतात. क्लॅव्हुलारियातल्या निळसर प्रथिनापासून पुढे टील रंगाचं एक प्रथिन बनवलं गेलं, तेही तिथेच कामाला आहे.

म्हणजे चमक खोटी नाही. पण ओळखीला तिचा उपयोग कमी. एकाच जातीच्या दोन वसाहतींत एक हिरवी चमकेल, दुसरी अजिबात चमकणार नाही. पांढऱ्या उजेडात दोन्ही तपकिरी दिसतील, कारण त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा रंग सोनेरी तपकिरी असतो. विक्रीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोंत जी नावं दिसतात, ‘निऑन ग्रीन’ अमुक, ‘अल्ट्रा’ तमुक, ती रंगाची नावं आहेत, प्रवाळाची नव्हेत. लेन्सवर नारिंगी किंवा पिवळा फिल्टर लावून निळा कापला की चमक फार सुंदर येते, आणि अशा फोटोंना माझा विरोध नाही, भिंतीवर लावावेत. पण ओळखीसाठी मला कुणी तसा फोटो पाठवला, तर मी पांढऱ्या उजेडातला दुसरा मागतो.

तेव्हा फोटोच्या आधी दिव्याचं नियंत्रण उघडून पांढरा वाढवा, निळा उतरवा. एकदम नाही, पाचदहा मिनिटांत हळूहळू, नाहीतर पॉलिप दचकून मिटतात. दिव्यात पांढरे एलईडी नसतीलच, तर टाकीच्या वर साधा पांढरा टेबललॅम्प धरला तरी चालतं. कॅमेरा असेल तर रॉमध्ये काढा, आणि टाकीच्या आत, प्रवाळाच्याच खोलीवर, पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा धरून व्हाइट बॅलन्स त्याच्यावरून ठरवा. फोनवर प्रो मोडमध्ये केल्विनचा आकडा हाताने वाढवता येतो. फ्लॅश समोरून मारू नका. काचेवर पांढरा गोळा येतो आणि प्रवाळ त्याच्यामागे जातो.

काच ही दुसरी अडचण. तिच्याशी कॅमेरा काटकोनात हवा. जरा तिरका झाला, की जाड काच आणि पाणी मिळून प्रतिमा ताणतात, कडांना रंगांच्या झालरी येतात. हवा तो कोन मिळत नसेल तर प्रवाळ हलवावा, कॅमेरा तिरका करू नये. लेन्सला रबरी हूड लावून ते काचेला टेकवलं, की हात हलत नाही आणि खोलीतलं प्रतिबिंबही जातं. तरी खोलीतला दिवा आणि टीव्ही बंद करावा. माणसाचा पांढरा शर्टही काचेत दिसतो. काच आतून आदल्या दिवशी घासून ठेवावी. फोटोच्या आधी घासली तर सुटलेलं शेवाळ तासभर पाण्यात तरंगत राहतं आणि प्रत्येक फोटोत धुळीसारखं येतं.

वेव्हमेकर आणि स्किमर दोन्ही बंद करावेत. वेव्हमेकरने पॉलिप डुलतात, आणि स्किमरमधून बारीक बुडबुडे येतात. पाणी स्थिरावायला दोनतीन मिनिटं द्यावीत. घड्याळाचा गजर मात्र आधी लावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी आधीच गरम असतं, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि फोटोच्या नादात बंद राहिलेला पंप टाकीला महागात पडतो.

एवढं केल्यावर आकडे सोपे आहेत. जवळून काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरभराचा किंवा जेमतेम काही मिलिमीटरांचा असतो, म्हणून छिद्र एफ-८ ते एफ-११ पर्यंत लहान ठेवा. शटर १/१२५ च्या खाली आणू नका. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. दाणेदार पण स्थिर फोटोत शुंडकं मोजता येतात, गुळगुळीत पण हललेल्या फोटोत नाही. फोनला क्लिपने लावायची मॅक्रो लेन्स मिळते. ती लावली तर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, आणि फोकससाठी स्क्रीनवर टिचक्या मारण्याऐवजी फोनच हळूच पुढेमागे सरकवा.

झेनियाला १/२५० लागतो, कधी जास्त. त्याचे पॉलिप थांबतच नाहीत. इतकी शक्ती का खर्च करतो तो? एइलातच्या संशोधकांनी २०१३ मध्ये लाल समुद्रातल्या हेटेरोझेनियावर, म्हणजे झेनियाच्या सख्ख्या नातेवाइकावर, याचा शोध घेतला. स्पंदनांमुळे पॉलिपाभोवतीचं पाणी बदलत राहतं, शैवालांनी सोडलेला जास्तीचा प्राणवायू दूर वाहून जातो आणि प्रकाशसंश्लेषण कितीतरी वाढतं. दुपारी मात्र रोज थोडा वेळ तो विसावा घेतो, असंही त्यांना दिसलं. तुमच्या टाकीतला झेनिया कधी थांबतो ते पाहून ठेवा. थांबलाच तर फोटोची ती वेळ.

आकाराचा अंदाज यावा म्हणून लोक शेजारी नाणं टाकतात. दहा रुपयांच्या नाण्यात तांबं आहे, आणि तांबं प्रवाळांना, कोळंबीला, गोगलगाईंना घातक. प्लास्टिकची पट्टी वापरा.

डेंड्रोनेफ्थिया टाळा, हे जाताजाता सांगतो. गुलाबी, नारिंगी, पारदर्शक अंगाचा हा प्रवाळ या प्रकरणातला सर्वांत देखणा, आणि फोटोला सर्वांत सोपा. पण त्याच्या पेशींत शैवाल नसतं. तो पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती खाऊन जगतो, हे लाल समुद्रातल्या अभ्यासातून १९९५ मध्ये पुढे आलं. घरच्या टाकीत तेवढं अन्न सतत पुरवणं जवळपास अशक्य आहे. काही आठवड्यांत तो उपासमारीने आक्रसत जातो.

इतके सगळे फोटो हाताशी असले, की वंशापर्यंत बहुधा पोचता येतं. जातीपर्यंत नाही. मऊ प्रवाळांच्या अंगात चुनखडीच्या सूक्ष्म काड्या विखुरलेल्या असतात. त्यांना स्क्लेराइट म्हणतात, आणि तज्ज्ञ जात ठरवतात ती त्यांच्या आकारावरून. फॅब्रिसियस आणि अल्डरस्लेड यांनी २००१ साली काढलेल्या मऊ प्रवाळांच्या मार्गदर्शकातही समुद्रातल्या फोटोंबरोबर स्क्लेराइटची चित्रं आहेत, आणि तेही वंशापाशीच थांबतात.

स्क्लेराइट घरीही पाहता येतात. शाळेत वापरतात तसा सूक्ष्मदर्शक पुरतो. फांदीच्या टोकाचा आणि बुंध्याच्या आतला, असे दोनतीन मिलिमीटरचे दोन तुकडे वेगवेगळे घ्यावेत, कारण दोन्हीकडच्या काड्या वेगळ्या असतात. त्यांवर कपड्यांच्या ब्लीचचे काही थेंब टाकायचे. बुडबुडे येतात, मांस विरघळतं, तळाशी पांढरी भुकटी उरते. ती पाण्याने पुन:पुन्हा धुवायची, दर वेळी वरचं पाणी ओतून द्यायचं, आणि मग काचपट्टीवर घ्यायची. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचं आम्ल मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. खिडकी उघडी ठेवा. आणि ती बाटली टाकीच्या खोलीतही नको. सिन्युलारियाच्या बुंध्यातल्या काड्या दोन्ही टोकांना निमुळत्या, अंगावर चामखिळी असलेल्या. काही इतक्या मोठ्या की सूक्ष्मदर्शकाशिवायही दिसतात. सार्कोफायटनच्या पृष्ठातल्या एका टोकाला जाड, गदेच्या आकाराच्या. क्लॅडिएलाच्या डंबेलसारख्या. झेनियाच्या अगदी बारीक, लंबगोल चकत्या. फोन सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर टेकवून यांचाही फोटो काढा आणि त्याच प्रवाळाच्या इतर फोटोंबरोबर ठेवा.

नावाचं काय लिहायचं, हा प्रश्न उरतो. २०२२ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे अष्टप्रवाळांची सगळी मांडणी नव्याने केली गेली. अनेक दशकं पुस्तकांत असलेला अल्सिओनेशिया हा गण मोडून दोन नवे गण आले, आणि सिन्युलारियातल्या बऱ्याच जाती स्क्लेरोफायटम या जुन्या नावाखाली गेल्या. हे नाव एडिथ प्रॅट यांनी १९०३ साली मालदीवच्या प्रवाळांवर लिहिताना दिलं होतं. दुकानात आणि जुन्या पुस्तकांत सिन्युलारियाच चालू आहे, आणि या पुस्तकातही मी तेच ठेवलं आहे. तुमच्या फोल्डरमध्ये दोन्ही नावं असू द्या. पुढे ‘जात अनिश्चित’, मग तारीख, दिव्याचा पांढरा-निळा किती होता ते, पॉलिप उघडे होते की मिटलेले, आणि फोटो टोपीचा, देठाचा की पायथ्याचा.